उजेड हटेपर्यंत

"हे अकरा सेकंद तुम्ही कशावर मोजले?"

बापूसो चौगुल्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ते आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. समोरच्या स्टुलावर माझ्याच लेखाचं कात्रण होतं. ते इतक्या वेळा उघडून पुन्हा मिटलेलं होतं की घडीवरची अक्षरं पार उडून गेली होती.

मी त्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवलं. सिनेमा चार वेळा पाहिला आणि तिसऱ्या वेळी सेकंदकाट्यावर मोजले, असं सांगितलं.

"अंधारात काटा दिसतो?"

"रेडियमचा आहे."

"मग चुकला नसंल," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

गोष्ट एकोणीसशे नव्वदची. मी कोल्हापुरात टेलिफोन एक्स्चेंजला होतो. शिफ्टची नोकरी, त्यामुळे दुपारचे खेळ मोकळे मिळायचे. एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी 'माझा निवाडा' नावाचं सदर लिहीत असे. राज्य पुरस्कार जाहीर होण्याच्या आधी दरवर्षी मी माझे विजेते छापायचो, आणि निकाल लागला की समितीचं कुठे चुकलं ते पुढच्या रविवारी सांगायचो. माझी मतं कडक होती. रडणाऱ्या नटाला बक्षीस देणाऱ्यांना मी आयुष्यभर माफ केलेलं नाही. ज्याच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसतं त्याचं काम मला दिसत नाही, असं एकदा लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर महिनाभर खूश होतो.

त्या वर्षी मी 'उभा दगड'च्या प्रेमात पडलो होतो. दगडाच्या खाणीवरच्या मजुरांचा सिनेमा. दगड काढून झाल्यावर मागे जो खोल खड्डा राहतो आणि पाण्याने भरतो, त्याला आमच्याकडे खण म्हणतात. उत्तरार्धात एक मजूर त्या खणीत बुडतो. त्याबद्दल मी लिहिलं होतं: "त्याचा चेहरा कातळाच्या सावलीत आहे आणि त्यावर कुठून तरी आलेला एक हलका उजेड आहे. त्याचे ओठ दोनदा मिटतात, कुणाला हाक मारल्यासारखे. त्यानंतर अकरा सेकंद तो उजेड चेहऱ्यावर तसाच राहतो आणि एकदम निघून जातो, जणू बघणाऱ्याने मान फिरवली. इतकं खरं काम मी दहा वर्षांत पाहिलेलं नाही. या माणसाचं नाव श्रेयनामावलीतही नाही. सहायक अभिनेत्याचं माझं बक्षीस त्याला."

समितीने नेहमीप्रमाणे सात प्रसंगांत रडलेल्या नटाला बक्षीस दिलं, पण सर्वोत्कृष्ट चित्रपट 'उभा दगड'च ठरला. मी जिंकल्यासारखा हिंडत होतो. मग कार्डं यायला लागली. पहिल्यावर एकच ओळ होती: 'सिनेमा किती वेळा बघितला?' खाली बेलवडीचा पत्ता. मी उत्साहाने उत्तर पाठवलं. दुसरं कार्ड आलं: 'त्याच्या ओठांवर काय नाव होतं?' याला मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यावर लिहिलं होतं की गुरुवारी दुपारी घरी येतो. माझी शिफ्ट गुरुवारी सकाळची असते, हे त्यांना कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही.

आता ते समोर होते. पस्तिशीचे असतील, पण मान म्हाताऱ्यासारखी पुढे आलेली. बायकोने आणलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. त्या सिनेमात तुम्ही होता का, असं मी विचारलं.

"लाइट धरायला व्हतो," ते म्हणाले. एका मोठ्या फळीला चंदेरी कागद लावलेला असतो, ती उन्हात धरून उजेड नटाच्या तोंडावर पाडायचा, एवढंच काम. गावातलेच चारदोन जण त्यासाठी घेतले होते.

म्हणजे माझ्या लाडक्या उजेडाचा धनी माझ्या घरी आला होता. मी हरखून त्यांना त्या प्रसंगाबद्दल विचारायला लागलो. त्यांनी कात्रण पुन्हा घडी करून खिशात ठेवलं. शेवटी म्हणाले की येत्या रविवारी फिल्म सोसायटीच्या सकाळच्या खेळाला तो सिनेमा आहे, त्यांनी पेपरात वाचलंय. तुम्ही माझ्या शेजारी बसाल का?

मी हो म्हणालो. ते गेल्यावर बायको म्हणाली, "हा माणूस पुन्हा घरी आणू नका. तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा तो सगळा वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होता. ओठांकडे."

रविवारी ते माझ्या आधी येऊन थांबले होते. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. पूर्वार्धात ते पडद्याकडे बघतच नव्हते, मान खाली घालून ऐकत होते. एखादा प्रसंग चांगला जमला की मी सवयीने हळू आवाजात काहीतरी बोलायचो. तेव्हा ते फक्त विचारायचे, "अजून किती हाय?" दोनतीनदा विचारल्यावर माझंही बोलणं थांबलं.

मध्यंतरात सगळे बाहेर गेले. ते उठले नाहीत, म्हणून मीही थांबलो.

"तो आमचा दादा," ते समोरच्या रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाले. "रंगराव. सख्खा."

मी विचारलं, ते आणखी कुठल्या सिनेमात आहेत का.

"न्हाई. तो त्यातनं वर आलाच न्हाई."

मग त्यांनी सांगितलं, ते अगदी एका सुरात. रंगरावला पोहता येत होतं, म्हणून त्याला निवडला होता. पाण्यात जायचं, हातपाय मारायचे, बुडाल्यासारखं करायचं आणि कट म्हटलं की बाहेर यायचं. दोनदा त्याने तसं केलंही. तिसऱ्या वेळी तळाच्या तारेत त्याचा पाय अडकला असावा. काठावरच्या सगळ्यांना वाटलं, काम करतोय. दिग्दर्शक 'छान, छान' म्हणत होता. मग त्याने हाक मारली. सिनेमातल्या मजुराने कुणाला हाक मारायची नव्हती. ती हाक 'बापू' अशी होती.

सिनेमात तिथे आवाज नाही, नुसता वारा आहे. बापू. दोनदा मिटणारे ओठ. मी त्याला दहा वर्षांतलं सगळ्यात खरं काम म्हटलं होतं.

दिग्दर्शक नंतर घरी आला होता. त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो तुकडा सिनेमात ठेवणार नाही असं सांगून गेला. पुढे सिनेमा पैशांअभावी तीन वर्षं रखडला, आणि तो तुकडा तसाच राहिलाय हे या लोकांना माझ्या लेखातून कळलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांना माफी नको होती.

"उजेड गेला तो का गेला, सांगू? मी फळी टाकली आणि पळालो. पर कवा टाकली ते मला आठवत न्हाई. मला वाटतं, हाक आली तशी टाकली. वैनीला कुणी तरी सांगितलंय, मी बगत हुबा ऱ्हायलो म्हणून. चार वर्सं ती माझ्याशी बोलत न्हाई. एका आवारात ऱ्हातो आम्ही. आणि तुम्ही लिवलंय अकरा."

लोक परत येऊन बसायला लागले होते. बापूसोंनी आपला डावा हात दोन खुर्च्यांच्या मधल्या दांडीवर ठेवला, तळवा खाली.

"मला ते बगवणार न्हाई. मी डोळं मिटतो. दादाचं व्हट मिटलं की माझ्या हातावर एकदा दाबा. उजेड गेला की परत दाबा. मदलं मी मोजतो."

दिवे गेले. प्रसंग यायला वीसेक मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत पडद्यावर काय झालं ते, तो सिनेमा चार वेळा पाहिलेल्या मला, आज सांगता येणार नाही.

मग खण आली. पाणी, कातळ, काठावरची माणसं, आणि सावलीतला तो उजळलेला चेहरा. बापूसोंनी डोळे मिटलेले होते. त्यांचा हात माझ्या बोटांखाली होता.

ओठ मिटले. पुन्हा मिटले.

मी दाबलं नाही.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. माझी बोटं जागच्या जागी राहिली आणि मी मनात मोजत राहिलो. पडद्यावर रंगराव चौगुले थेट काठाकडे, फळी धरलेल्या माणसाकडे बघत होता. हे मला पाचव्या खेपेला दिसलं. मी आठपर्यंत मोजलं आणि मग दाबलं. थोड्या वेळाने चेहऱ्यावरचा उजेड गेला. मी पुन्हा दाबलं.

सिनेमा संपेपर्यंत ते तसेच बसून होते. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणाले, "तीन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही अकरा लिवलं व्हतं."

"लेखात आम्ही थोडं वाढवून लिहितो," मी म्हणालो. "वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून."

माझ्या कुठल्याही मताबद्दल मी कधी इतकं ठामपणे बोललो नसेन. त्यांनी माझा चेहरा नीट पाहून घेतला आणि भर रस्त्यात वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो, पण तोवर लावून झाला होता.

महिन्याभराने त्यांचं पत्र आलं, यावेळी चांगलं पानभर. त्यांनी सगळ्या भावकीला बसवून सांगितलं होतं की तो उजेड मी धरला होता, आणि हाकेनंतर तीन आकड्यांत मी फळी टाकली, कोल्हापूरचे पेपरात लिहिणारे साहेब साक्षीला आहेत. तिसऱ्या दिवशी वहिनीने त्यांच्या घरी भाकरी पाठवली. आता जेवण एकत्र होतं. शेवटी लिहिलं होतं: 'झोप लागते.'

ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. मला वाटलं, सिनेमावर इतकं लिहून मी पहिल्यांदाच काहीतरी बरं केलं.

ऑगस्टच्या एका शनिवारी पेपरात दूरदर्शनचे कार्यक्रम बघत होतो. रविवार, दुपारी दीड, पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट: 'उभा दगड'.

बेलवडीत कुणाकडे फोन नव्हता. रविवारी सकाळच्या एसटीने मी निघालो. वाटेत पंक्चर झालं, आणि गावात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. घर विचारावं लागलं नाही. ज्या घराच्या दारात चपलांचा ढीग होता तेच.

बापूसोंनी मला मिठी मारली. ते आता ताठ उभे राहत होते. टीव्ही वहिनीच्या खोलीत होता. त्यांनी मला बाहेरच्या बाहेर तिकडे न्यायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि म्हणालो, आज टीव्ही लावू नका.

"का वो?"

"तुम्हाला बघवणार नाही."

"आता बगवतंय," ते शांतपणे म्हणाले. "तीन म्हंजे काय, साहेब? माणसाला नुसतं समजायलाच तेवढं लागतं. आज दादाचं तोंड बगणार. चार वर्सांत फोटोपण बगितला न्हाई."

मी बोलणार तेवढ्यात वहिनी बाहेर आली. शेवंताबाई. उंच, काटक बाई, पांढरं कपाळ. तिने माझ्या हातात पोह्यांची ताटली दिली आणि म्हणाली, "तुमच्यामुळं आमचं घर एक झालं." मला सगळ्यांच्या पुढे, टीव्हीसमोर, एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. मागे भावकीची वीस-पंचवीस माणसं बसली होती. पोरं अगदी पुढे, जमिनीवर. बापूसोंची पाच वर्षांची मुलगी अश्विनी माझ्या पायाशी बसली होती.

सिनेमा सुरू झाला. लाइट जाईल अशी मी वाट बघत होतो. त्या भागात रोज जायची, त्या दिवशी गेली नाही. दूरदर्शनवाले सिनेमे कापतात, तसा तो तुकडा कापला असेल, अशीही एक आशा होती. मध्ये एकदा पडद्यावर मुंग्या आल्या, तर कुणीतरी पळत जाऊन छपरावरचा अँटेना फिरवून आलं. घरादारातले चेहरे ओळखू आले की लोक नाव घ्यायचे. मग खणीचा प्रसंग जवळ आला.

"हाक मारली की मोजायचं," बापूसो मुलांना म्हणाले. "मी सांगतो कवा."

तेव्हा मला कळलं की त्यांनी या घराला मोजायला शिकवलं होतं.

छोट्या पडद्यावर रंगराव दिसला. शेवंताबाईने तोंडावर पदर घेतला, पण डोळे उघडे ठेवले. बापूसोही बघत होते. ओठ मिटले, पुन्हा मिटले.

"हां," बापूसो म्हणाले.

पोरांनी एका आवाजात सुरुवात केली. एक. दोन. तीन.

तीनवर सगळी थांबली. उजेड चेहऱ्यावर होता. दोघातिघांनी चार म्हटलं, मोठ्या पोराने पाच म्हटलं आणि तो मागे वळून मोठ्या माणसांकडे बघायला लागला. अश्विनी मात्र थांबली नाही. तिला वीसपर्यंत नुकतंच येत होतं. सहा, सात, आठ. तिच्या आईने तिला हाक मारली. नऊ. दहा.

"अकरा," ती म्हणाली, आणि उजेड गेला.

तिने वळून सगळ्यांकडे पाहिलं, कुणी शाबास म्हणतंय का म्हणून.

पुढचा सिनेमा चालू राहिला. कुणी बंद केला नाही. बापूसो माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते बघत होते, समोरचा माणूस कधी हलतोय याची वाट बघितल्यासारखे. मी उभा राहून म्हणालो की चूक माझी आहे, मी मुद्दाम उशिरा दाबलं, यांना काहीच माहीत नव्हतं. माझा आवाज टीव्हीच्या आवाजात किती जणांना ऐकू गेला कोण जाणे. माणसं एकेक करून उठली, चपला शोधून निघून गेली. बापूसो भिंतीकडे तोंड करून बसले. मी जवळ गेलो तर त्यांनी मान हलवून नको म्हणून सांगितलं.

स्टँडपर्यंत मला सोडायला शेवंताबाई आली. पाहुण्याला एकटं पाठवायचं नाही, म्हणून आली असावी. एसटी लांबून दिसली तेव्हा म्हणाली, "किती दिलं त्यानं तुम्हाला? का नुसतं पाया पडला?"

मी शपथेवर सांगितलं की त्यांनी काही सांगितलं नव्हतं. डोळे मिटून हात पुढे केला होता, एवढंच. खोटं माझं एकट्याचं.

"तुम्ही असंच म्हणणार." ती रस्त्याकडे बघत होती. "माणूस थिजतंय, मला कळत न्हाई व्हय? तो अकरा म्हणाला असता तर आणखी दोन वर्सांनी मी सोडून दिलं असतं. सोडायलाच आलेवते. आता काय सोडू? त्यानं साक्षीदार आणला, माझ्या दारात बसवून खोटं बोलवलं आणि माझ्या हातची भाकरी खाल्ली."

एसटी थांबली. ती म्हणाली, "परत येऊ नका." मी चढलो.

बापूसोंनी दिवाळीच्या आत बायको-मुलीला घेऊन गाव सोडलं. कुठे गेले ते भावकीत कुणी सांगेना. कुणी म्हणे गोव्याकडच्या खाणींवर. 'माझा निवाडा'साठी मी ही सगळी हकिकत लिहून दिली, तर संपादकांनी ती छापली नाही, आणि मी पुढचं काही दिलं नाही. 'उभा दगड'च्या दिग्दर्शकाला नंतर आणखी दोन पुरस्कार मिळाले. त्याबद्दल माझं मत मला कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी मी शेवंताबाईला तीन पत्रं लिहिली. तिन्हींत एकच गोष्ट होती, की तुमच्या दिराला काही ठाऊक नव्हतं, हे पाप माझं आहे. चौथं लिहायला बसलो तेव्हा बायको शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तिला वाचता येतं का?"

मी ते विचारलंच नव्हतं.